मंगळवारऐवजी शनिवार

दिगंबररावांच्या पाकिटात पाच क्रेडिट कार्डं असत आणि प्रत्येकावर त्यांच्या बारीक, सुबक अक्षरातली चिठ्ठी डकवलेली असे. ‘किराणा-दूध’, ‘औषधं’, ‘वीज-फोन’, ‘पेट्रोल’. पाचव्यावर नुसतं ‘इतर’. घामानं अक्षर पुसू नये म्हणून वर पारदर्शक चिकटपट्टी. कोणतं कार्ड कशावर किती पैसे परत देतं, हे त्यांना पाढ्यासारखं पाठ होतं, पण श्यामलाबाईंचा गोंधळ व्हायचा, म्हणून त्या चिठ्ठ्या.

मार्केट यार्डात भुसार मालाच्या एका पेढीवर त्यांनी छत्तीस वर्षं हिशेब लिहिले. नारायण पेठेतली भाड्याची दीड खोली सोडून बिबवेवाडीत तिसऱ्या मजल्यावर स्वतःचा फ्लॅट घेतला तो त्याच पगारावर. लिफ्ट नव्हती, म्हणून जरा स्वस्तात मिळाला. मुलगी स्पृहा शिकली, हैदराबादला नोकरीला लागली. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, पत्ते खेळतात. दिगंबरराव कार्डांच्या नादी लागले. पण नादी लागले म्हणजे उडवायला लागले असं नव्हे. दर महिन्याच्या दोन तारखेला पाचही बिलं पूर्ण भरून टाकायची, एक रुपया व्याज म्हणून बँकेला द्यायचा नाही. उलट महिन्याकाठी पाच-सहाशे रुपये बँकाच त्यांना परत द्यायच्या.

कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार उत्तरेश्वर त्यांना पाहिलं की हात जोडायचा.

“काका, पाव किलो पोह्यांना कार्ड नका हो काढू. त्याचे दोन टक्के मला भरावे लागतात.”

“मग मशीन ठेवलंयस कशाला? हार घालायला?”

“तुमच्यासाठी मुद्दाम बंद पडल्याचा बोर्ड करून ठेवतो.”

“कर. पण अक्षर बरं काढ. मागच्या वेळी ‘उधार’सुद्धा चुकीचं लिहिलं होतंस.”

असं रोज चालायचं, आणि रोज कार्डच चालायचं.

श्यामलाबाईंना त्या सगळ्यातली एकच गोष्ट आवडायची. महिनाअखेर जे पैसे परत येत, त्यातले निम्मे त्या दत्ताच्या देवळात अन्नदानाच्या पेटीत टाकत. गुरुवारी जाताना पदराच्या गाठीला बांधून नेत. दिगंबरराव म्हणायचे, “बँक मला देते, तू देवाला देतेस. म्हणजे मी मधला दलाल.” पण पैसे मात्र आदल्या दिवशीच मोजून फडताळावर ठेवलेले असत.

त्यांच्या संसारात मोठं असं काही कधी नव्हतंच. जे यायचं ते थोडं थोडं यायचं आणि पुरायचं. श्यामलाबाईंचं मनही तसंच घडलेलं. मोठ्यापायी हातचं सोडू नये, असं त्यांना वाटे. फक्त एक इच्छा त्यांनी उराशी धरली होती. पुरीला जाऊन जगन्नाथाचं दर्शन घ्यायचं. लग्नाआधी त्यांच्या आईकडे जगन्नाथाची एक तसबीर होती, मोठ्या वाटोळ्या डोळ्यांची. “तो डोळे मिटतच नाही गं, त्याला पापण्याच नाहीत,” असं आई सांगायची. ते डोळे एकदा समोरून बघायचे होते. रेल्वेचा दीड दिवसाचा प्रवास गुडघ्यांमुळे जमणार नाही, आणि विमान म्हणजे आपल्यातलं नव्हे, म्हणून तो विषय त्यांनी स्वतःच मिटवला होता.

तो विषय दिगंबररावांनी उकरून काढला. एका बँकेचं नवं कार्ड आलं होतं. पहिल्या नव्वद दिवसांत दीड लाख रुपये खर्च केले की एवढे पॉइंट मिळणार, की त्यात दोघांची पुणे-भुवनेश्वर जाऊन-येऊन विमानाची तिकिटं सहज यावीत. वर्षाची फी पाच हजार नऊशे.

“पाच हजार नऊशे?” श्यामलाबाईंनी हातातली भाजी खाली ठेवली. “आणि किराण्याचे परत येणारे?”

“ते तीन महिने बंद. सगळा खर्च नव्या कार्डावर. अठराशे रुपयांचं नुकसान. पण तिकिटांचे पंचवीस हजार वाचतात. फी वजा जाता सतरा-अठरा हजार आपल्या पदरात.”

“अहो, पण दीड लाख आपण तीन महिन्यांत खर्च करणार कुठे? आपण काय रोज श्रीखंड खातो?”

“तीच तर मेख आहे,” दिगंबरराव म्हणाले. “आपला खर्च साठ हजार. नव्वद कमी पडतात. आणि बोनस मिळावा म्हणून नको ती खरेदी करायची नाही. तिथंच तर बँका माणसाला पकडतात.”

तरीही त्यांनी अर्ज केला. कमी पडणाऱ्या नव्वद हजारांचं बघू, म्हणाले. त्यानंतर श्यामलाबाईंनी दोन-तीनदा त्यांना टेबलाशी बसून विमानाच्या वेळा बघताना पाहिलं. आणि देवापुढे दिवा लावताना पुरीचे ते डोळे आठवायला लागले, हे खरं.

त्याच सुमारास दिगंबररावांना जिना चढताना धाप लागायला लागली. दुसऱ्या मजल्यावर थांबून ते समोरच्या अनंतरावांच्या दारावरची पाटी वाचत उभे राहायचे. “रोज काय वाचता त्यात?” असं अनंतरावांनी विचारलं, तर म्हणाले, “शुद्धलेखन तपासतो.” शेवटी श्यामलाबाईंनीच ओढून डॉक्टरांकडे नेलं. पट्ट्यावर चालवून तपासणी झाली. सोमवारी हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “अँजिओग्राफी करून घेऊ. अडथळा दिसला तर तिथंच स्टेंट टाकू. फार लांबवू नका. या आठवड्यात करून टाका.”

खाली काउंटरवरची मुलगी चांगली होती. तिनं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं, “काका, उद्याच सकाळी सातला जागा आहे. मेडिक्लेम आहे ना? मग कॅशलेस होईल, तुम्हाला काही भरायला नको.”

दिगंबरराव एकदम गप्प झाले. श्यामलाबाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांना वाटलं, घाबरले. त्यांनी त्यांच्या हातावर हात ठेवला. तेव्हा दिगंबरराव त्यांच्याकडे वळले. चेहऱ्यावर भीती नव्हती. गणित सुटल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी होतं.

“अगं, खर्च दोन लाखांच्या आसपास जाणार,” ते हळूच म्हणाले. “कॅशलेस घ्यायचंच नाही. आपण कार्डावर भरायचं, आणि मग विम्याकडून मागून घ्यायचं. ते पैसे तर येणारच. आणि कार्डाची अट एका फटक्यात पुरी.”

“पण कार्ड कुठाय?”

“निघालंय. गुरुवारी येतंय.”

मग काउंटरकडे वळून त्यांनी विचारलं, “शनिवारी आहे का जागा?”

मुलगी जरा थबकली. “शनिवारी आहे. पण काका, उद्याची मोकळी आहे.”

त्या मुलीनं आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं. श्यामलाबाईंना तो क्षण पुढे कितीदा तरी आठवला. त्या तेव्हा ‘नको’ म्हणाल्या असत्या, तर दिगंबररावांनी ऐकलं असतं. चाळीस वर्षांत त्यांचं ‘नको’ त्यांनी कधी मोडलं नव्हतं. पण त्या म्हणाल्या, “शनिवार म्हणजे याच आठवड्यात झालं ना? मग चालेल की.”

मुलीनं मंगळवारऐवजी शनिवार लिहिलं.

संध्याकाळी स्पृहाचा फोन आला. दिगंबररावांनी फोन स्पीकरवर ठेवला.

“बाबा, उद्या का नाही केलंत?”

“अगं, तुला शनिवारी सुट्टी असते. म्हटलं, शनिवार धरला की तूही येशील. तेवढीच भेट.”

आणि श्यामलाबाईंकडे बघून त्यांनी डोळा मिचकावला. स्पृहा खूश झाली. शुक्रवार रात्रीच्या बसचं तिकीट काढते म्हणाली. श्यामलाबाईंनी हसू आवरलं. मुलगी येणार हे खरंच होतं, मग त्यात खोटं ते किती, असं त्यांना वाटलं.

मंगळवार, बुधवार फार छान गेले. दिगंबररावांनी पुरीच्या धर्मशाळांचे फोन नंबर काढले. विमानात खिडकीशी श्यामलाबाई बसणार, मध्ये ते, हेही ठरवून टाकलं. “कान दुखतात म्हणे वर गेल्यावर,” त्या म्हणाल्या, तर म्हणाले, “लिमलेटच्या गोळ्या घ्यायच्या. त्यासुद्धा कार्डावर.” गुरुवारी दुपारी कार्ड आलं. निळंशार, जाड. त्यावर चिठ्ठी काय लावायची यावर दोघांची चर्चा झाली आणि ‘जगन्नाथ’ लिहावं की नाही, हे ठरेना. देवाचं नाव कार्डावर बरं नव्हे, असं श्यामलाबाईंचं म्हणणं. चिठ्ठी तशीच राहिली.

शुक्रवारी पहाटे श्यामलाबाई देवासाठी दूर्वा निवडत होत्या. न्हाणीघरातून बादली पडल्याचा आवाज आला. त्यांनी हाक मारली. उत्तर आलं नाही.

अनंतरावांनी आणि त्यांच्या बायकोनं, सत्यशीलाबाईंनी, त्यांना खुर्चीत बसवून तीन मजले खाली नेलं. गाडीत श्यामलाबाईंच्या मांडीवर डोकं होतं. त्या रामरक्षा म्हणत होत्या आणि मध्येच ओळी चुकत होत्या. दवाखान्यात पोचल्यावर डॉक्टरांनी वीस-पंचवीस मिनिटं केलं जे करायचं ते. मग बाहेर येऊन मान हलवली.

बिल भरायला श्यामलाबाईंकडे स्वतःची पर्स होती. त्यात आदल्या दिवशी दूध आणायला घेतलेलं, ‘किराणा-दूध’ लिहिलेलं कार्ड. त्यांनी तेच दिलं. अकरा हजार चारशे. खिडकीतल्या माणसानं ती चिठ्ठी वाचली, आणि कार्ड मशीनमध्ये घातलं.

पुढचे तेरा दिवस माणसं येत राहिली. नारायण पेठेतून दिगंबररावांची धाकटी बहीण राधा रोज डबा घेऊन यायची. राधाआत्यांची जीभ साऱ्या घराण्यात प्रसिद्ध. मेलेल्या माणसाचीही त्या गय करत नसत. मागं सवलतीत मिळालेल्या आंब्यांची पेटी उचलताना त्यांच्या एका दिरांच्या कमरेत उसण भरली आणि ते महिनाभर अंथरुणाला खिळले. त्या दिरांचं नाव आजही निघालं, की आत्या “ते का, पेटीवाले!” असंच म्हणायच्या, आणि सगळे हसायचे. ते दीर कसे होते, मुलांना किती जीव लावायचे, हे कुणालाच आठवत नव्हतं. उरले ते आंबे.

म्हणून राधाआत्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, “मंगळवारचीच तारीख मिळत होती म्हणे? मग शनिवार कशाला घेतला गं?” तेव्हा दिगंबरराव आता ‘पॉइंटवाले’ होणार, हे श्यामलाबाईंना लख्ख दिसलं. छत्तीस वर्षं ज्यांच्या हिशेबात एका पैशाची चूक निघाली नाही, त्या माणसाचं एवढंच उरणार. त्या काही बोलायच्या आतच कोपऱ्यात बसलेली स्पृहा म्हणाली, “माझ्यासाठी, आत्या. मला सुट्टी मिळावी म्हणून बाबा थांबले.”

आणि ती रडायला लागली. आत्यांनी तिला जवळ घेतलं.

श्यामलाबाई गप्प राहिल्या. त्या दिवशी गप्प राहिल्या ते राहिल्याच. स्पृहा घास गिळेना. एकदा म्हणाली, “मी म्हणायला हवं होतं, माझ्यासाठी नका थांबू. मी काय म्हणाले माहितीय? मी म्हणाले, वा! वा म्हणाले गं आई मी.” येणारी माणसं श्यामलाबाईंना म्हणत, देवाची इच्छा. त्या मान हलवत. पण दिव्यापुढे बसलं, की देवाकडे वर बघवत नसे. आपण केलेलं त्याच्या अंगावर कसं टाकायचं? आणि त्याच्यावर नाही टाकायचं, तर मुलीच्या अंगावर टाकायचं का? ते तर पडलंच होतं. आपण नुसतं उचलत नव्हतो.

तीस तारखेला दुपारी फोन वाजला. दिगंबररावांचा मोबाइल अजून चालू होता. श्यामलाबाईंनी उचलला.

“नमस्कार, दिगंबर सरांशी बोलू शकते का? सरांचं नवीन कार्ड तेरा तारखेला पोचलंय, पण त्यांनी एकदाही वापरलेलं नाहीये. वेलकम बोनससाठी अजून त्र्याहत्तर दिवस आहेत.”

“ते नाहीत,” श्यामलाबाई म्हणाल्या.

“मॅडम, कधी फोन करू?”

“नका करू. ते गेले. चौदा तारखेला.”

पलीकडची मुलगी कागदावरचं वाचल्यासारखं म्हणाली, “सॉरी मॅडम. कार्ड बंद करायला मृत्यूचा दाखला लागेल.” आणि थोडं थांबून, स्वतःच्या आवाजात, “काळजी घ्या हं काकू.”

फोन ठेवला, तर स्पृहा दारात उभी होती. बॅग भरायला काढलेले कपडे हातात. उद्या ती परत जाणार होती.

“कोण गं?”

श्यामलाबाईंना वाटलं, आता नाही सांगितलं, तर ही हे घेऊन जाईल. हैदराबादला घेऊन जाईल, आणि पुढं म्हातारी होईपर्यंत वागवेल.

“बस इथं,” त्या म्हणाल्या. “शनिवार तुझ्यासाठी नव्हता.”

स्पृहाला कळलं नाही. श्यामलाबाईंनी फडताळातून ते निळं कार्ड काढून तिच्यापुढे ठेवलं, आणि सगळं सांगितलं. दीड लाख, नव्वद दिवस, कॅशलेस का नको, काउंटरवरची मुलगी काय म्हणाली, आणि आपण काय म्हणालो. स्वतःचं वाक्य त्यांनी जसंच्या तसं सांगितलं. कमी केलं नाही.

“पॉइंट्स?” स्पृहा म्हणाली. तिनं तो शब्द असा उच्चारला, की श्यामलाबाईंनी डोळे मिटले. “आई, पॉइंट्ससाठी?”

“पुरीसाठी. माझ्यासाठी.”

“आणि मी इथं सतरा दिवस... तू बघत होतीस ना मला? रोज बघत होतीस.”

“हो.”

“मग?”

“त्यांना लोक हसतील असं वाटलं. तुझ्यावर कुणी हसत नव्हतं. सगळे तुला जवळ घेत होते.” श्यामलाबाईंनी ते निळं कार्ड पालथं घातलं. “चुकले मी. दोन्हीकडे चुकले.”

स्पृहा उठून गॅलरीत गेली. श्यामलाबाईंनी तिला हाक मारली नाही. आत आली तेव्हा तिचा चेहरा कोरडा होता.

“डॉक्टर काय म्हणाले? मंगळवारी केलं असतं तर वाचले असते?”

“सांगता येत नाही म्हणाले. मी दोनदा विचारलं.”

“बाबा घाबरले असतील, आई. कार्डाचं निमित्त केलं असेल. माणसं करतात असं.”

श्यामलाबाईंना तिनं देऊ केलेलं ते निमित्त धरून ठेवावंसं वाटलं. पण त्यांनी मान हलवली. “नाही गं. ते आनंदात होते. चारही दिवस. मी पण होते. तुला नोकरी लागली होती तेव्हासुद्धा आम्ही एवढं हसलो नव्हतो.” हे त्यांनी आजवर देवालाही सांगितलं नव्हतं. बाकीचं सगळं एक वेळ सोसता येत होतं. हेच नव्हतं.

रात्री दोघी जेवल्या. स्पृहानं एकच विचारलं, “आत्याला ठाऊक आहे?”

“नाही.”

सकाळी निघायच्या आधी राधाआत्यांचा फोन आला. स्पृहा बॅगेची चेन लावता लावता बोलत होती. जपून जा, पोचल्यावर कळव, असं सगळं झालं असावं. मग पलीकडून आत्यांनी पुन्हा तेच काढलं असणार, कारण स्पृहाचा हात चेनवर थांबला. श्यामलाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. स्पृहानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“नाही हो आत्या, दुसरं काही कारण नव्हतं,” ती सरळ, शांत आवाजात म्हणाली. “मला मधल्या वारी सुट्टी मिळत नव्हती. मी यावं म्हणून बाबा थांबले. हो. मलाही तेच वाटतं. माझ्यापायीच झालं.”

श्यामलाबाई पुढं झाल्या. फोन तिच्या हातातून घ्यावा, आणि खरं काय ते राधाला सांगून टाकावं. पण स्पृहानं मोकळा हात वर करून त्यांना तिथंच थांबवलं. आत्या बोलत होत्या, ती ऐकत होती, आणि मधून मधून “हो” म्हणत होती.